होडीच्या बुडाला चार तांबे

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि औंढा तालुक्यात होडी जमिनीत गाडलेला मी एकटाच माणूस होतो.

अजूनही एकटाच आहे. (दुसरा कोणी असेल तर पुढं यावं. मी स्वतः त्याला शाल पांघरतो.)

ती होडी काहून गाडली हे सांगण्याआधी माझ्या नजरेबद्दल सांगायला पाहिजे, नाही तर तुम्ही मला सरळ येड्यात काढाल. मी तिसरीतून शाळा सोडली. अक्षरं माझ्याशी बरी वागली, म्हणून हे लिहून राहिलो. आकड्यांशी मात्र माझं कधी जमलं नाही. पण रास बघावी तर मीच. हळद शिजवून, वाळवून खळ्यावर ओतली की आजूबाजूच्या गावांतली माणसं मला न्यायला येतात. मी फेटा बांधतो. राशीभोवती एक फेरी मारतो, एक मूठ उचलतो, डोळे मिटतो (डोळे मिटायची काही गरज नसते, पण लोकांना बरं वाटतं) आणि सांगतो, "एकोणीस क्विंटल." काट्यावर एकोणीसच भरतं. साडेअठरा भरलं तर तो काटा बिघडलेला असतो. चाळीस वर्षांत पुष्कळ काटे बिघडले, माझी नजर बिघडली नाही.

आता सुधाकर. माझा एकुलता एक मुलगा. पंधरा वर्षं जहाजांवर नोकरी करून तो गावी परत आला. सून आणि नात परभणीला, नातीच्या शाळेपायी. सुधाकरचं इथं बस्तान बसलं तर त्यासुद्धा गावी येणार होत्या. पण आल्यापासून तो फार बोलत नव्हता. जेवायचा, आणि धरणाच्या कडेला जाऊन पाण्याकडं बघत बसायचा. (आमचं गाव धरणाच्या पाण्याला लागूनच आहे. पण आम्ही त्या पाण्याकडं मोटारीनं ओढलं की नाही एवढंच बघायला जातो.) मी त्याला काही विचारत नव्हतो, तो मला काही सांगत नव्हता. आमच्या घरात बापलेकांची हीच रीत आहे. माझ्या वडिलांनी मला जन्मभरात दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही बैलाबद्दल होते.

मग एक दिवस त्यानं सांगितलं, मुंबईहून एक जुनी शिडाची होडी आणतो. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येतात त्या माणसांना इकडं आणायचं, धरणात फिरवायचं, गावच्या लेकरांना शीड धरायला शिकवायचं. हिंगोलीला चकरा मारून त्यानं परवानगीचा कागदसुद्धा काढला. पण त्याच्या खिशात दुसराही एक कागद होता. मुंबईच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र. हो की नाही ते गुढीपाडव्यानंतर लगेच कळवायचं होतं.

गोदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला गोठ्यात गाठलं.

"पाडव्याला होडी नीट सुटली तर पोरगं राहतंय," ती म्हणाली. "न्हाई तर जातंय. तुमी फक्त मधी हात घालू नका."

"मी कशाला हात घालू?"

इथून पुढं जे काही झालं ते सगळं त्या हाताचं आहे.

पाडव्याच्या वीसेक दिवस आधी होडी ट्रकमधून आली. सुधाकर शिडाचं कापड शिवून घ्यायला मुंबईतच थांबला होता. होडी बावीस फुटांची, लाकडाची, पांढरी. वरून बघितली तर होडी. खालून बघितली तर पोटाखाली नांगराच्या फाळासारखं एक जाड पातं. त्या पात्यामुळं ती जमिनीवर धड उभी राहीना. एकदा ट्रकवाल्याकडं कलंडली, एकदा माझ्याकडं. सुधाकर फोनवर म्हणाला, दोन्ही बाजूंनी टेकू देऊन उभी करा.

टेकू! टेकू आजारी भिंतीला देतात. जी वस्तू उभी राहावी असं वाटतं तिला खड्डा लागतो, मग तो खांब असो, मेढ असो की आंब्याचं रोप असो. मी चार गडी लावले, घराशेजारच्या वावरात खड्डा घेतला, ट्रॅक्टरच्या आधारानं होडी पोटापर्यंत त्यात उतरवली, भोवतीनं माती लोटली, तुडवली, आणि माती बसावी म्हणून वरून मोटारीचं पाणी सोडलं. आमची काळी माती भिजली की लोणी आणि वाळली की पाटा. चार दिवसांत तिनं होडी अशी आवळली, की मधे वावटळ येऊन आमच्या गोठ्याचे दोन पत्रे घेऊन गेली, पण होडी तसूभर हलली नाही. मला फार अभिमान वाटला.

आमचे शेजारी दत्ता गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले. माणूस तसा चांगला, पण रोज सकाळी कुंपणाशी येऊन चौकशी करायचा.

"किसनराव, कोंब दिसतो का?"

मी लक्ष दिलं नाही.

"दोन पानांवर आली की सांगा. खुरपायला बाया बघाव्या लागतील."

आठ दिवसांनी सुधाकरचा फोन आला. तो रंगाच्या दुकानात उभा होता. होडीच्या बुडाला लावायचा एक वेगळा रंग असतो म्हणे, त्यानं शेवाळ धरत नाही आणि लाकूड कुजत नाही. तो आपल्याकडं मिळत नाही, तिथूनच आणायचा. त्यासाठी बुडाचं माप पाहिजे होतं. फीत लावून लांबी, रुंदी आणि पोटाची खोली एवढं सांगा, पुढचा हिशोब मी करतो, असं तो म्हणाला.

आता यात दोन अडचणी होत्या. पहिली, बूड जमिनीत होतं. दुसरी, फीत मला वाचता येत नाही. (फितीच्या एका कडेला एक आकडे, दुसऱ्या कडेला वेगळेच. एकाच वस्तूची दोन मापं सांगणाऱ्या चीजेवर माणसानं भरवसा ठेवावा कसा?) या दोन्ही गोष्टी पंधरा वर्षं समुद्र बघून आलेल्या मुलाला फोनवर सांगणं मला बराबर वाटलं नाही.

"फीत कशाला?" मी म्हणालो. "उद्या अंदाज सांगतो."

"आबा, अंदाज न्हाई, माप पाहिजे."

"चाळीस वर्षं सगळा मुलूख माझा अंदाज घेऊन राहिला. आन माझ्या पोराला माप पाहिजे?"

तिकडं कागद उलटल्यासारखा आवाज आला.

"बरं, आबा," तो म्हणाला. "तुमचा अंदाज सांगा. तेवढाच रंग आणतो."

ते 'तेवढाच' माझ्या डोक्यात बसलं. होडी उकरून बघावी, तर गुरुजी कुंपणाशी उभे. म्हणून मी नुसता होडीभोवती फिरत राहिलो. पाच फेऱ्या झाल्या, सहावीला नजर बाजूच्या मातीवर गेली. खड्ड्यातून काढलेली माती परत लोटल्यावर जी उरली होती, तिची तिथं रास पडून होती.

मी थांबलो. माती उरली काहून? कारण तिची जागा होडीनं घेतली. म्हणजे जेवढी होडी जमिनीत, तेवढी माती वर. म्हणजे ही रास म्हणजेच होडीचं बूड! माझ्या अंगावर काटा आला. सांगतो तुम्हाला, अशी गोष्ट सुचायला माणूस तिसरीच्या पुढं गेलेला नसावा लागतो.

मग बुडाला रंग किती लागेल? राशीला लागेल तेवढा. आणि राशीला किती लागेल? सारवून बघायचं! सारवणात आमच्या गोदाचा हात सगळ्या गावात नावाजलेला. एक तांब्या शेणकाला ती अख्ख्या ओसरीला पुरवते आणि वर चूल सारवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेण पातळ कालवून घेतलं, मोजायला तांब्या घेतला आणि तिला राशीपाशी आणून उभं केलं.

ती कमरेवर हात ठेवून राशीकडं बघत राहिली.

"अवो, पण या राशीतली..."

"रास मला शिकवू नको. तू सारव."

तिनं तोंड मिटलं आणि पदर खोचला. (पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिचं तोंड इतक्या लवकर कधी मिटलं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.)

गुरुजी कुंपणावरून बघत होतेच. त्यांनी मला समजावून सांगायचा यत्न केला, की पिठाचा लाडू वळला तर तो आवळतो आणि त्याच पिठाची भाकरी थापली तर ती पसरते. पीठ तेवढंच, पण वरचं अंग सारखं कसं राहील? शिवाय माती पाणी पिते, लाकूड तेवढं पीत नाही.

"गुरुजी," मी विचारलं, "तुमी शिकवलेली किती पोरं रास सांगतात?"

गुरुजी घरात गेले. शिकलेल्या माणसाला असंच गप्प करावं लागतं.

गोदानं राशीला दोन हात दिले. चार तांबे लागले, आणि आमचा तांब्या बराबर एक लिटरचा. मी फोन लावला.

"चार लिटर. एक थेंब कमी न्हाई, एक थेंब जास्त न्हाई."

सुधाकरनं आकडा दोनदा वदवून घेतला. मग विचारलं, "आबा, कसं काढलं?"

"नजरेनं."

पाडव्याच्या दोन दिवस आधी तो आला. लिटर-लिटरचे चार डबे, शिडाची वळकटी आणि हातात पिशवी. पिशवी खाली न ठेवताच तो वावरात गेला. होडीभोवती एक फेरी मारली, थांबला, आणि दुसरी फेरी उलटी मारली.

"आबा, हिचं बूड कुठंय?"

"हाये की. खाली."

"तुमी... पेरली?"

"पाणी बराबर दिलंय," कुंपणावरून गुरुजी म्हणाले.

सुधाकरनं विचारलं, मग माप कशाचं घेतलं? मी राशीकडं बोट दाखवलं. त्यानं सारवलेल्या राशीकडं बघितलं. (गोदानं सवयीनं तिच्यावर बोटांची नक्षीसुद्धा काढली होती.) होडीकडं बघितलं. माझ्याकडं बघायचं मात्र टाळलं.

होडी काढायला पूर्ण दिवस गेला. सहा माणसं, चार कुदळी, दोन पहारी. लावताना सोडलं होतं त्याहून जास्त पाणी काढताना सोडावं लागलं. संध्याकाळी ट्रॅक्टरनं ओढली तेव्हा दाढ उपटल्यासारखा आवाज आला आणि ती चिखलासकट वर आली. धुऊन, पुसून, ट्रॉलीवर चढवून आम्ही ती धरणाच्या काठी लिंबाखाली नेऊन लावली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी सुधाकरनं होडीच्या अंगावर चारी बाजूंनी खडूची एक रेघ मारली. मग अंगात घालून तरंगायची जाकिटं आणायला तो हिंगोलीला निघाला. जाताना म्हणाला, "मी चारपर्यंत येतो, आबा. आल्यावर दोघं मिळून रंग लावू. तवर हात लावू नका."

(मायलेकांना माझ्या हाताचं काय वावडं आहे कोण जाणे.)

मी दहा मिनिटं हात लावला नाही. मग मनात आलं, की पोरगं उन्हातून दमून येईल, आणि बघेल तर काय, होडी रंगवून तयार! मी काही बोलणार नाही, तोही काही बोलणार नाही, पण त्याला कळेल. खिशातल्या पत्रापर्यंत कळेल. मी ब्रश उचलला.

रंग वरून खाली लावत यायचा असतो. भिंत असो की दार, खालून सुरुवात करणारा माणूस आडाणी. म्हणून मी होडीच्या वरच्या काठापासून सुरुवात केली. मधोमध ती खडूची रेघ होती. ती वाईट दिसत होती, म्हणून तिच्यावर एक हात जास्त दिला. रंग मोठा देखणा, कुंकवासारखा लाल. पहिला हात झाला, उन्हात लगेच वाळला, दुसरा दिला. तीन वाजायच्या सुमाराला डावी बाजू काठापासून पात्यापर्यंत अशी झळकायला लागली, की मी चार पावलं मागं सरून स्वतःशीच मान हलवली. मग ब्रश घेऊन उजव्या बाजूला गेलो, आणि रंग घ्यायला परत आलो.

डबे रिकामे होते.

चारी डबे मी उलटे करून बघितले. हलवून बघितले. एकात बोट फिरवलं आणि त्या बोटाचा रंग उजव्या बाजूला लावून बघितला. बोटाएवढा बसला.

चारला सुधाकर आला. जाकिटांचा गठ्ठा खाली ठेवला. डाव्या बाजूनं बघितलं, उजव्या बाजूनं बघितलं.

"आबा, रेघ मारली होती."

"झाकली. वाईट दिसत होती."

मग त्यानं मला शांतपणे सांगितलं, की ती रेघ पाण्याची होती. होडी पाण्यात जाते ती तिथपर्यंतच, आणि हा रंग त्या रेघेच्या फक्त खाली लावायचा असतो. वरती नाही. दोन्ही बाजूंना. एवढं सांगून तो दगडावर बसला.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर चुकलं म्हणून मोकळा झाला असता. मी म्हणालो, "डबे लहान आलेत."

त्यानं जवळचा डबा उचलून आत बघितलं. गोदा आम्हा दोघांसाठी चहा घेऊन आली होती, तिनंही सगळं बघितलं. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "उद्या होऊन जाऊ द्या. मग बघू."

त्या 'मग बघू'मधून मुंबईची गाडी मला स्पष्ट ऐकू आली. गोदालाही आली असावी, कारण तिनं त्याचा चहा त्याला दिला आणि माझा कप परत नेला.

पण मी हार मानणारा नाही. मी सुधाकरला नवीन बेत सांगितला. लोक या काठाला उभे राहणार. होडी अशी काढायची, की लाल अंग लोकांकडं आणि पांढरं अंग धरणाकडं. धरण कोणाला सांगायला जात नाही.

"आन परत येताना?" त्यानं विचारलं.

"परत येताना उलटी चालव."

"शिडाची होडी उलटी चालत न्हाई, आबा."

"मग जरा लांबून ये. तवर लोक जेवायला जातील."

पाडव्याला सगळा गाव काठावर जमला. औंढ्याहून दर्शन करून आलेल्या दोन जीपसुद्धा उभ्या होत्या. गोदानं काठावर गुढी उभारली, होडीला हळदकुंकू लावलं. (लाल बाजूला कुंकू दिसेना, म्हणून हळदच जास्त लावली.) ट्रॅक्टरनं ट्रॉली मागं रेटत पाण्यात नेली. होडी हलली, सुटली, तरंगली. सुधाकरनं दोर ओढला, शीड वर गेलं, वाऱ्यानं फुगलं, आणि लाल होडी पांढरं शीड घेऊन अशी निघाली, की बाया हात जोडून राहिल्या. दत्ता गुरुजी चष्मा पुसत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "किसनराव, शोभली हो."

मी फेटा नीट केला. होडी लांब जात जात पाण्यातल्या टेकाडाच्या मागं दिसेनाशी झाली.

आता ऐका. टेकाडामागं वारा पडला. सुधाकरनं शीड उतरवलं, होडी वळवली आणि वल्ही मारत परत निघाला. ऊन डोळ्यावर येऊन राहिलं होतं. लोक कोणी जेवायला गेले नव्हते. आणि त्यांना काय दिसलं? शीड लावलेली लाल होडी टेकाडामागं गेली, आणि टेकाडामागून बिनशिडाची पांढरी होडी आली.

"लाल होडी कुठंय?" एका बाईनं विचारलं.

कोणाला सांगता येईना. सगळे टेकाडाकडं बघायला लागले.

"बुडाली," गुरुजी म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण आवाज अजून शाळेचा आहे. "लाल होडी बुडाली! ही दुसरी मदत मागायला येऊन राहिली!"

मग काय विचारता. बाया रडायला लागल्या. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर थेट पाण्यात घातला, तो चाकांवर पाणी येताच बंद पडला. चार गड्यांनी सदरे काढून उड्या घेतल्या आणि टेकाडाच्या दिशेनं पोहायला लागले. गुरुजी धोतर वर धरून गुडघाभर पाण्यात शिरले आणि "सुधाकर! सुधाकर!" करून हाका मारायला लागले. आणि पांढऱ्या होडीत पाठमोरा बसून वल्ही मारणाऱ्या सुधाकरला काठावर कसला गोंधळ चालला आहे ते कळेना.

गोदा माझ्याशेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला सगळं माहीत होतं.

"सांगा," ती म्हणाली.

"कसं सांगू?"

"तोंडानं."

खरं सांगतो, मी थांबलो. एका बाजूला चाळीस वर्षांची नजर, दुसऱ्या बाजूला चार पोहणारे गडी. वाटलं, पोहू द्यावं थोडं, पोहणं तब्येतीला चांगलं असतं. पण त्यातल्या एकाला दम लागलेला दिसला. मी लिंबाखालच्या दगडावर चढलो.

"थांबा!" मी ओरडलो. "कोणी बुडालं न्हाई! लाल होडी आन पांढरी होडी एकच हाये! रंग पुरला न्हाई!"

रडणाऱ्या बाया माझ्याकडं वळल्या. पाण्याच्या मधोमध एक गडी थांबला आणि त्यानं तिथूनच विचारलं, "कोणाला पुरला न्हाई?"

"मला!"

"ऐकू आलं न्हाई, किसनराव," गुडघाभर पाण्यातून गुरुजी म्हणाले. (त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.)

"मला! माझा अंदाज चुकला!"

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो, आणि तेही दोन जीप भरून परगावची माणसं उभी असताना. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. सुधाकरपर्यंतसुद्धा गेला. त्यानं वल्ही मारायची सोडली, मागं वळून बघितलं, पाण्यातला ट्रॅक्टर बघितला, धोतर धरलेले गुरुजी बघितले, दगडावर चढलेला बाप बघितला, आणि तो हसायला लागला. असा हसला, की हातातलं वल्हं सुटून पाण्यात पडलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. लाल. पांढरी. लाल. पांढरी. काठावरची लेकरं टाळ्या पिटून रंग ओरडायला लागली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुधाकरनं किती खेपा केल्या मला माहीत नाही, पण प्रत्येक खेपेला लाल अंगाकडून बसायचं की पांढऱ्या, यावरून भांडणं झाली.

दिवे लावायच्या वेळेला आम्ही तिघं ओसरीवर पुरणपोळी खात बसलो होतो. मी मान वर करत नव्हतो.

"आबा," सुधाकर म्हणाला, "होडीच्या जुन्या मालकानं मला एक वही दिली होती. बुडाला दोन हातांचा रंग किती लागतो ते तिच्यात लिहिलेलं होतं."

"किती?"

"चार लिटर."

माझा घास तसाच राहिला. "मग मला काहून विचारलं?"

तो पोळीवर तूप ओढून घेत राहिला. मग म्हणाला, "तुमी मला काही विचारत न्हाई. मी तुमाला काही विचारत न्हाई. म्हटलं, एखादी गोष्ट तरी विचारावी."

यावर काय बोलतात ते मला माहीत नाही. मला जे बोलता येतं ते मी बोललो. गोदाकडं वळून म्हणालो, "ऐकलं का? चार! माझा अंदाज बराबर होता. नुसता लावायला चुकला!"

गोदानं शांतपणे आणखी एक पोळी वाढली.

"त्या राशीतल्या सात टोपल्या माती मी आधीच नेली होती," ती म्हणाली. "चुलीला दोन, तुळशीच्या ओट्याला दोन, मागल्या भिंतीला तीन. तेच सांगत होते, तर म्हणाले, रास मला शिकवू नको."

सुधाकरला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं खिशातून ते पत्र काढलं, एकदा वाचलं, आणि परत घडी घातली. "उद्या न्हाई म्हणून कळवतो," तो म्हणाला. "मी गेलो तर आबा अख्खं धरण सारवून घेतील."

गोदा पदर डोळ्याला लावून आत गेली. मी आणखी एक पोळी मागितली, कोणी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हट्टा गावाहून एक शेतकरी मोटारसायकलवर मला न्यायला आला. त्याची हळदीची रास पडली होती. पाडव्याची बातमी अजून हट्ट्यापर्यंत गेली नव्हती. मी फेटा बांधला आणि मागं बसलो. खळ्यावर माणसं जमली होती. मी राशीभोवती एक फेरी मारली, एक मूठ उचलली, डोळे मिटले.  मग मी डोळे उघडले आणि म्हणालो, घरच्या मालकिणीला बोलवा.

बाई डोक्यावर पदर घेऊन आली.

"माय, खरं सांग," मी विचारलं. "यातल्या किती टोपल्या नेल्यास?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं, पदर आणखी पुढं ओढला आणि हळूच म्हणाली, "दोन."

मी सात धरल्या.